फाटक्या कडेचा, खरखरीत कागद डिजिटल स्क्रॅपबुकसाठी कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिजिटल स्क्रॅपबुक म्हणजे संगणकावर फोटो आणि कागदाचे तुकडे रचून केलेली आठवणींची वही. उत्तरं फोटोशॉप आणि गिंप ही चित्र संपादनाची सॉफ्टवेअर समोर धरून लिहिली आहेत. पिक्सेलचे सगळे आकडे ३०० पीपीआयच्या (दर इंचाला ३०० पिक्सेलच्या) पानासाठी आहेत. म्हणजे १२ इंची चौकोनी पान ३६०० × ३६०० पिक्सेलचं, आणि एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १२ पिक्सेल. हा १२ चा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे सारखा लागणार आहे.

मी काढलेली कड दातेरी दिसते, फाटलेली वाटत नाही. काय चुकतं?

बहुतेकदा एकच कड काढलेली असते. एखादा छापील कागद घेऊन खरंच फाडून बघा. रंग फक्त वरच्या पातळ थरावर असतो. तो थर एका रेषेवर तुटतो आणि आतला गाभा थोडा पुढे जाऊन तुटतो. त्यामुळे फाटलेल्या जागी दोन कडा दिसतात: आधी रंगाची, मग गाभ्याची, आणि दोघींच्या मधे पांढुरकी पट्टी. ही पट्टी कुठे अर्धा मिलिमीटर रुंद असते, कुठे चार, मधेच कुठे नाहीशीच होते. दोन्ही कडा सोबत चालतात, पण समांतर चालत नाहीत.

लासोनं (हातानं रेघ ओढून भाग निवडायच्या साधनानं) वेडीवाकडी रेघ ओढली, तिला पांढरी स्ट्रोक म्हणजे बाह्यरेघ दिली आणि खाली सावली टाकली, असा कागद पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्याची पांढरी पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची असते आणि डोळा ते लगेच पकडतो. कुठलाही फिल्टर लावला तरी ही उणीव भरून निघत नाही. म्हणून कामाची सुरुवात दोन लेअरनी (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पातळ्यांनी) करा: वर छापील कागद, खाली गाभा. दोघांना आपापला वेगळा मास्क. मास्क म्हणजे लेअरचा कोणता भाग दिसेल आणि कोणता झाकला जाईल हे ठरवणारं करडं चित्र: पांढरं तिथे दिसतं, काळं तिथे झाकतं.

मग पायऱ्या सांगा. फोटोशॉपमध्ये नेमकं काय करायचं?

कागदाचा लेअर घ्या. लासोनं जिथून फाडायचं ती रेघ हातानंच ओढा. हात स्थिर ठेवायचा प्रयत्न करू नका. पण मुद्दाम नागमोडीही काढू नका. कागद फाटताना बराच वेळ जवळपास सरळ जातो आणि मधेच एकदम वळतो. राहणारा भाग निवडून लेअर मास्क लावा.

आता मास्कवर क्लिक करून फिल्टर मेनूतल्या पिक्सलेटमधला क्रिस्टलाइज लावा, सेल साइज ६ ते १० च्या आसपास. कड तुटक होते, पण तिच्यावर करड्या रंगाचे ठोकळे येतात. लेव्हल्समध्ये काळं आणि पांढरं टोक आत सरकवलं की ते आवरतात. शेवटी अर्ध्या पिक्सेलचा गॉसियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या, म्हणजे पायऱ्या दिसणार नाहीत. क्रिस्टलाइजऐवजी फिल्टर गॅलरीतला स्पॅटर चालतो; त्याची कड जास्त भुरभुरीत येते. फिल्टर गॅलरी ८ बिटच्या फाइलवरच चालते, त्यामुळे ती मेनूत फिकट दिसत असेल तर आधी इमेज मोड तपासा.

त्याखाली नवा लेअर घ्या आणि गाभ्याचा रंग भरा. त्यासाठी पुन्हा लासो घ्या आणि दुसरी रेघ नव्यानं काढा, पहिल्या रेघेच्या बाहेरून. कुठे ५ पिक्सेल बाहेर, कुठे ४०, दोन-तीन ठिकाणी पहिलीला चिकटून. सिलेक्शन एक्स्पांड करून वेळ वाचवायचा मोह होतो, पण एक्स्पांड सगळीकडे सारखंच वाढवतं आणि तुम्ही पुन्हा स्ट्रोकवाल्या पट्टीवर येता. या दुसऱ्या मास्कला क्रिस्टलाइज थोडा लहान सेलचा द्या. गाभ्याची कड रंगाच्या कडेपेक्षा बारीक आणि मऊ असते.

वरच्या छापील लेअरची गाभ्यावर एकदोन पिक्सेलची, अगदी फिकट सावली पडू द्या. वरचा थर जाडीनं नगण्य असतो, पण तो वर आहे हे त्या सावलीतूनच कळतं. बेव्हल अँड एम्बॉस या उठाव देणाऱ्या इफेक्टला मात्र इथे हात लावू नका. त्यानं कागदाचं पुठ्ठ्यात रूपांतर होतं, आणि तेही प्लास्टिकच्या.

गिंपमध्ये हे जमतं का?

जमतं, आणि कडेच्या बाबतीत एक सोय तिथे जास्त चांगली आहे. फ्री सिलेक्टनं रेघ काढल्यावर सिलेक्ट मेनूत डिस्टॉर्ट आहे. तो सिलेक्शनचीच कड विस्कटतो. स्प्रेड वाढवला की कड लांबवर विखुरते, ग्रॅन्युलॅरिटीनं तुकड्यांचा आकार बदलतो आणि स्मूथनं टोकं बोथट होतात. छापील थराला स्प्रेड कमी, गाभ्याला ग्रॅन्युलॅरिटी कमी, एवढं धरून चाला. मग लेअरला मास्क जोडताना ‘सिलेक्शन’ हा पर्याय निवडा.

फोटोशॉपसारखं क्लिपिंग मास्क हवं असेल, म्हणजे टेक्स्चर फक्त कागदाच्या आकारातच दिसावं, तर कागदाच्या लेअरवर ‘मास्क टु सिलेक्शन’ करा आणि टेक्स्चरच्या लेअरला त्याच सिलेक्शनचा मास्क द्या. एक पायरी वाढते, बाकी काही अडत नाही. २०२५ साली आलेल्या गिंप ३.० पासून फिल्टर लेअरवर कायमचे न उमटवता नंतर बदलता येतात. सावलीचा लांबी-रुंदीचा खेळ करणाऱ्यांना याचा मोठा उपयोग आहे.

गाभा पांढराशुभ्रच ठेवायचा ना?

नाही. शुद्ध पांढरा, म्हणजे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) २५५, २५५, २५५, पानावर भोक पडल्यासारखा दिसतो. आरजीबी २४५, २४०, २२८ च्या आसपासचा उबदार पांढरा बहुतेक कागदांना शोभतो. जुनाट कागदाला त्याहून पिवळट.

आणि प्रत्येक कागदाचा गाभा पांढरा नसतो. तपकिरी क्राफ्ट कागद आतूनही तपकिरीच असतो. त्याच्या कडेला पांढरी पट्टी काढली की सगळं फसतं. तिथे गाभा त्याच रंगाचा, जरा फिकट आणि जास्त लवदार ठेवा. रंगीत कार्डस्टॉक दोन प्रकारचं येतं, काहींचा गाभा पांढरा, काहींचा आरपार एकच रंग. वर्तमानपत्राचा कागद इतका पातळ की पट्टी जेमतेम दिसते, आणि दिसते ती करडी. ट्रेसिंग पेपर फाटतो तो जवळजवळ पट्टीशिवायच. हातकागदाला लांब तंतू सुटतात. प्लास्टिकचा थर असलेल्या चकचकीत फोटोपेपरला मात्र तसे मऊ तंतू काढू नका, तो प्लास्टिक ताणून फाटतो.

आधी कागद कोणता ते ठरवा, मग कड.

कागदाच्या चारही बाजू सारख्याच फाडायच्या का?

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू मुख्यतः एकाच दिशेला लोळलेले असतात. त्या दिशेनं फाडलं तर चीर बऱ्यापैकी सरळ जाते, आडवं फाडलं तर ती भरकटते आणि पट्टी रुंद होते. म्हणजे चौकोनी तुकडा चारही बाजूंनी फाडला तर समोरासमोरच्या दोन बाजू तुलनेनं शांत आणि उरलेल्या दोन खडबडीत असतात. डिजिटल कागदात एवढं पाळलं तरी तुकडा एकदम खरा वाटायला लागतो. हातकागदाला ही अट नाही, कारण त्यात तंतू सगळीकडे पसरलेले असतात.

दुसरं, कागद फाडला की दोन तुकडे होतात आणि पांढरी पट्टी एकाच तुकड्याच्या छापील बाजूला दिसते. दुसऱ्या तुकड्यावर ती मागे जाते. कुठल्या तुकड्याला दिसणार हे ओढण्याच्या दिशेवर ठरतं. त्यामुळे एखाद्या बाजूला पट्टी अजिबात नसली तरी ते चुकीचं नाही. उलट तीन बाजूंना पट्टी आणि एका बाजूला नुसती रंगाची कड हे फार छान दिसतं. एका बाजूला कात्रीची सरळ कड ठेवा. तिच्या शेजारी फाटकी कड जास्त फाटकी वाटते.

खरा कागद फाडून स्कॅन करणं सोपं नाही का?

सोपं आहे, आणि माझं मत विचाराल तर तेच करा. सॉफ्टवेअरनं काढलेली कड कितीही चांगली असली तरी दहा कडा काढल्यावर तुमच्याच हाताची सवय तिच्यात दिसू लागते. कागदाला सवय नसते.

साधा पांढरा, जरा जाडसर कागद घ्या आणि त्याच्या लांब पट्ट्या फाडा: काही तंतूंच्या दिशेनं, काही आडव्या. एखादी रेघ ओल्या ब्रशनं भिजवून मग फाडा, तिला लांब मऊ तंतू सुटतात. स्कॅनरवर पट्ट्या ठेवून वरून काळा कागद घाला आणि ६०० पीपीआयला स्कॅन करा. पान ३०० चं असलं तरी कडेसाठी दुप्पट घेतलेलं बरं, नंतर लहान करताना कड नितळ होते.

स्कॅनचे रंग काढून टाका. लेव्हल्समध्ये पार्श्वभूमी पूर्ण काळी आणि कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत दोन्ही टोकं सरकवा, पण कडेवरचे करडे तंतू जिवंत राहतील इतपतच. आता हे चित्र मास्क म्हणून वापरायचं. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक केलं की मास्क उघडतो, त्यात ते पेस्ट करा. गिंपमध्ये मास्क जोडताना लेअरची ग्रेस्केल प्रत घेण्याचा पर्याय आहे.

अशा एका पट्टीतून अनेक कडा निघतात: उलटी करा, आरशात फिरवा, मधलाच तुकडा घ्या. ताणू मात्र नका. लांबी ताणली की तंतूही ताणले जातात आणि कड वितळल्यासारखी दिसते.

स्कॅनर नाही, फक्त फोन आहे.

चालतं. कागद काळ्या कागदावर सपाट ठेवा, फोन बरोबर वर आणि समांतर धरा, फ्लॅश बंद. कडेच्या मास्कसाठी उजेड सगळीकडून सारखा हवा. पोताचा फोटो काढायचा असेल तर मात्र उजेड एका बाजूनं, जवळजवळ कागदाला लागून आलेला हवा, म्हणजे प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. एकाच फोटोत दोन्ही कामं उरकायला जाऊ नका.

कागदाला पोत कसा आणायचा? टेक्स्चर टाकलं की रंग मळतो.

रंग मळतो याचं कारण टेक्स्चरचा स्वतःचा उजळपणा. ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट हे ब्लेंड मोड (वरचा लेअर खालच्यात मिसळायच्या पद्धती) ५० टक्के करड्या रंगाला हात लावत नाहीत. त्याहून गडद असेल ते काळवंडवतात, फिकट असेल ते उजळवतात. म्हणून टेक्स्चरचे रंग काढून त्याची सरासरी मधल्या करड्यावर आणा. फोटोशॉपचा हाय पास फिल्टर हेच करतो: १५ ते ३० पिक्सेलची रेडियस द्या, एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलेला असमान उजेड निघून जातो आणि नुसता खरखरीतपणा उरतो. मग ओव्हरले, आणि ओपॅसिटी (लेअर किती ठळक दिसेल ते) ३० ते ५० टक्क्यांवर आणा. मल्टिप्लाय हा खालचं गडदच करणारा मोड जुनाट डागांसाठी ठेवा, पोतासाठी नको.

टेक्स्चर नसेल तर शून्यातून बनवता येतं. ५० टक्के करड्यानं भरलेला लेअर, त्यावर एकरंगी नॉइज, मग एक पिक्सेलचा गॉसियन ब्लर, मग एम्बॉस, उंची १ ते ३. ओव्हरले केलं की बारीक दाण्याचा कागद तयार. हा दाणा सगळीकडे एकसारखा असतो, ही त्याची उणीव. वेगळ्या आकाराच्या दाण्याचा दुसरा लेअर करून त्यात मिसळला की बराच फरक पडतो.

चुरगळलेला कागद मात्र सॉफ्टवेअरमध्ये बनवायच्या फंदात पडू नका. डिफरन्स क्लाउड्स आठदहा वेळा लावून एम्बॉस करण्याची जुनी युक्ती आहे, पण तिचा परिणाम दगडासारखा जास्त दिसतो. एक कागद चुरगळा, सरळ करा, बाजूच्या उजेडात फोटो काढा.

गाभ्याला वेगळा पोत लागतो का?

हो. छापील बाजू गुळगुळीत, गाभा खरखरीत, असंच असतं. तेच टेक्स्चर गाभ्यावर दुप्पट ओपॅसिटीनं टाका. शिवाय दोनतीन पिक्सेलचा खरखरीत ब्रश घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये अँगल जिटर आणि स्कॅटरिंग वाढवा आणि गाभ्याच्या मास्कवर कडेकडेनं हलकेच फिरवा. पांढऱ्यानं फिरवला की तंतू बाहेर येतात, काळ्यानं फिरवला की कड कुरतडली जाते. सलग नको, अधूनमधून. पूर्ण कडेभर तंतू काढले की सुरवंट होतो.

सावली किती द्यावी?

पान बघणारा सगळ्यात आधी सावलीवरच अडखळतो, म्हणून हे जरा सविस्तर.

पहिला नियम दिशेचा. प्रकाश वरून डावीकडून येतोय असं ठरवलं तर फोटोशॉपमध्ये अँगल १२० अंश ठेवा आणि पानावरच्या प्रत्येक वस्तूला तोच. एम्बॉसनं काढलेल्या पोताची दिशाही त्याच्याशी जुळली पाहिजे, नाहीतर उंचवटे खड्ड्यांसारखे दिसतात. यातच एक सापळा आहे. पोत एकदा कागदात मुरला की तो तुकडा १८० अंशांत फिरवल्यावर पोतातला प्रकाशही फिरतो, सावली मात्र लेअर स्टाइलची असल्यानं जागच्या जागी राहते. थोडंसं तिरकं केल्यानं काही बिघडत नाही. उलटंच करायचं असेल तर आधी फिरवा, मग पोत टाका.

दुसरा नियम उंचीचा. पानावर चिकटवलेला पातळ कागद जेमतेम उचललेला असतो: डिस्टन्स ४ ते ६ पिक्सेल, साइज ६ ते १० पिक्सेल, ओपॅसिटी ३५ ते ४५ टक्के. एकावर एक तीन कागद असतील तर वरच्याला जास्त द्या. सावलीचा रंग काळा नको. खालच्या कागदाच्याच रंगाची खूप गडद छटा, मल्टिप्लायवर.

तिसरा नियम फाटक्या कडेपुरताच. कड पातळ होत जाते आणि कुठे चिकटलेली, कुठे उचललेली असते, त्यामुळे सगळीकडे सारखी सावली तिथे खोटी वाटते. लेअर स्टाइलची सावली ‘क्रिएट लेअर’नं वेगळ्या लेअरवर काढा, मग त्या लेअरला मास्क जोडून मोठ्या मऊ ब्रशनं ती काही ठिकाणी पुसा आणि एखादा कोपरा वार्पनं (वाकवायच्या साधनानं) बाहेर ओढा.

कडेभोवती पांढरी किंवा काळी बारीक रेघ दिसते, ती कशी काढायची?

स्कॅनच्या पार्श्वभूमीचा रंग कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये राहिलेला असतो. फोटोशॉपमध्ये लेअर मेनूतल्या मॅटिंगमधलं डिफ्रिंज १ पिक्सेलला लावा. मास्कची पद्धत वापरली असेल तर ही रेघ मुळात येतच नाही, कारण रंग वेगळ्या लेअरवर सपाट भरलेला असतो.

आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये हे जमतं का?

फ्रीहँड सिलेक्शन, लेअर मास्क आणि क्लिपिंग मास्क हे तिन्ही आहेत, त्यामुळे दोन कडांची पद्धत तशीच चालते. क्रिस्टलाइजच्या जागी कोळशाचा खरखरीत ब्रश घेऊन मास्कची कड हातानं खा. खरं तर हातात पेन्सिल असल्यानं कड तिथे जास्त चांगली येते. सावली मात्र हातानं बनवायची: लेअरची प्रत घ्या, अल्फा लॉक करून (म्हणजे रिकाम्या जागेवर रंग लागणार नाही) गडद रंग भरा, लॉक काढा, गॉसियन ब्लर द्या, थोडी सरकवून खाली ठेवा. मोठ्या पानाला लेअर मोजकेच मिळतात, म्हणून तयार झालेला तुकडा वेगळा निर्यात करून मूळ फाइल बाजूला ठेवा.

फाइल कशात जतन करू?

फाटक्या तुकड्याला पारदर्शकता लागते, म्हणजे पीएनजी. पानभर पार्श्वभूमीचा कागद जेपीजीत चालतो. इतरांना वापरायला देणार असाल तर सावली पीएनजीत मुरवू नका. ज्याच्या पानावर प्रकाश उजवीकडून आहे त्याला तुमचा कागद निरुपयोगी होतो. रंग एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवा. मास्क असलेली मूळ पीएसडी (फोटोशॉपची) किंवा एक्ससीएफ (गिंपची) फाइल कधीच टाकून देऊ नका.

फाइल उघडायलाच पाच मिनिटं लागतात.

३६०० × ३६०० चा पारदर्शकतेसह एक भरलेला लेअर ८ बिटमध्ये मेमरीत सुमारे ५२ मेगाबाइट खातो. वीस लेअर म्हणजे एक गिगाबाइटच्या वर. प्रत्येक कागद वेगळ्या फाइलीत तयार करा आणि पानात फक्त सपाट केलेला पीएनजी आणा.

पडद्यावर झकास दिसतं, छापल्यावर पोत गायब होतो.

१०० टक्के झूमवर पान खऱ्या आकारापेक्षा बरंच मोठं दिसत असतं. साधारण १०० पीपीआयच्या पडद्यावर ३०० पीपीआयचं पान तिप्पट दिसतं. म्हणून पोत आणि पट्टीची रुंदी ३३ टक्क्यांवर झूम करून ठरवा. तिथे जे दिसत नाही ते कागदावरही फारसं दिसणार नाही. एक पिक्सेलचा दाणा म्हणजे मिलिमीटरचा बारावा भाग. तो शाईत बुडतो. दाणा दोनतीन पिक्सेलचा करा, कॉन्ट्रास्ट जरा वाढवा आणि पूर्ण पान छापण्याआधी एक छोटा तुकडा छापून बघा.

छपाईत पानाच्या चारही बाजूंनी साधारण ३ मिलिमीटर कापले जातात, म्हणून फाटकी कड पानाच्या टोकाला चिकटवून ठेवू नका. सुंदर काढलेली पट्टी तिथेच कातरली जाते.

एका पानावर किती फाटके कागद असावेत?

माझ्या मते दोन, फार तर तीन, आणि तेही वेगवेगळ्या जातीचे. प्रत्येक कड फाटकी असली की फोटोकडे कोणी बघत नाही. फोटोच्या लगेच खालचा कागद सरळ कापलेला ठेवा आणि त्याखालचा फाटका.

दुसऱ्याच्या किटमधला (स्क्रॅपबुकसाठी तयार मिळणाऱ्या कागद-सजावटीच्या संचातला) फाटका कागद वापरून मी माझा किट देऊ शकते का?

त्या किटसोबतची परवान्याची फाइल वाचा. वैयक्तिक वापराला परवानगी असणं म्हणजे पुढे वाटायला किंवा विकायला परवानगी असणं नव्हे. व्यावसायिक परवाना असला तरी मूळ तुकडा जसाच्या तसा पुढे देण्याला त्यात बऱ्याचदा मनाई असते. वर्तमानपत्राचा किंवा पुस्तकाचा तुकडा फाडून स्कॅन केला असेल तर कड तुमची आहे, त्यावरचा मजकूर आणि चित्र तुमचं नाही. मास्कपुरता त्याचा उपयोग करून छपाई पुसून टाका. स्वतः फाडलेल्या कोऱ्या कागदाच्या कडांना यातला कुठलाच प्रश्न येत नाही.